धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट: अर्ज नेमका कुठे अडतो

ट्रस्टच्या रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात, हे बहुतेकांना कळतं ते बिल हातात पडल्यावर. मग डिस्चार्जच्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावाधाव सुरू होते. भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड, म्हणून अर्ज रुग्ण दाखल होतानाच द्या.

हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. रुग्णाची एकट्याची कमाई नव्हे, सगळ्या घराची धरतात.

आधार, रेशनकार्ड सगळ्यांकडे असतं. अडतं ते तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यापाशी. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठहून त्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या माणसाकडे पगाराची चिठ्ठी कुठून असणार? त्याने आपल्या गावच्या तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा आणि तो स्वयंघोषणापत्रासह सेतूत द्यायचा. काम दिंडोरी-निफाडला असलं तरी दाखला राहत्या तालुक्याचाच लागतो, आणि इथेच लोक चुकीच्या खिडकीवर दिवस घालवतात.

दुसरी गफलत मुदतीची. ऑक्टोबरात काढलेला दाखला पुढच्या ऑक्टोबरापर्यंत चालतो असं लोक धरून चालतात. दाखल्याच्या तळाशी मुदत छापलेली असते, ती बहुधा ३१ मार्चची. घरात कुणी आजारी असेल तर एप्रिलमध्येच नवा दाखला काढून ठेवा. आधार, रेशनकार्ड आणि दाखल्यावरचं नावही ताडून पाहा. "बाई" किंवा "राव" एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे द्यायचा. तोंडी विचारून "खाट रिकामी नाही" हे उत्तर घेऊन परतू नका. अर्जाची दुसरी प्रत काढा, तिच्यावर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. दाखला त्या दिवशी हाती नसेल तर रेशनकार्ड जोडा आणि दाखला कधी देणार ते अर्जातच लिहा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायलाच हवेत, अनामत रकमेसाठी थांबवता येत नाही. हे काउंटरवर शांतपणे पण ठाम सांगा.

निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) रुग्णालयाच्या खरेदीच्या दरानेच धरायची आणि तो खर्च निर्धन रुग्ण निधीतून करायचा असतो. त्यासाठी रुग्णालय आपल्या बिलांतले २ टक्के बाजूला ठेवतं. म्हणून "औषधं बाहेरून आणा" म्हटलं तर ते कागदावर लिहून मागा.

तरीही नकार मिळाला तर शिक्क्याची प्रत जोडून नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा. त्या दिवशी राखीव खाटा किती होत्या आणि किती भरल्या होत्या, हा प्रश्न तक्रारीत पहिल्याच ओळीत विचारा.