परिधेय श्वसननिरीक्षण

दीर्घकालीन फुप्फुसविकार जडलेल्या व्यक्तीच्या बोटावर, मनगटावर किंवा छातीवर लहान संवेदक बसवून तिच्या रक्तातील ऑक्सिजन, नाडी, श्वासांची गती, हालचाल व खोकला यांची घरच्या घरी, रोजच्या रोज नोंद ठेवणे आणि त्या नोंदींतील फरकावरून आजार बळावण्याची चाहूल वेळीच घेणे, या पद्धतीला परिधेय श्वसननिरीक्षण म्हणतात. ‘परिधेय’ म्हणजे अंगावर धारण करता येण्याजोगे. सीओपीडी या नावाने ओळखला जाणारा श्वसनमार्गाचा दीर्घकालीन अवरोधक रोग, दमा, फुप्फुसतंतुता (फुप्फुसांत व्रणासारखे तंतू वाढून ती ताठरणे), सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार) आणि क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेली फुप्फुसांची हानी, या विकारांत ही पद्धत वापरली जाते. त्यांपैकी सीओपीडीचा भार सर्वांत मोठा असून जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये या एका रोगाने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली.

या उपकरणांनी रोगाचे निदान होत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वसनमापकाची सुधारित रूपेच आजही निदानाचा आधार आहेत. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडी असल्याचे धरतात. परिधेय साधनांचे काम त्यानंतर सुरू होते. रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तो पंधरा मिनिटे; पुढच्या भेटीपर्यंतचे दोन-तीन महिने बहुधा अंधारातच जातात. धाप रात्री वाढते की जिना चढताना, हे रुग्णाला नेमके सांगता येत नाही, आणि पुष्कळांनी तर धापेला वयाचा भाग समजून चालणेच कमी केलेले असते.

या साधनांच्या केंद्रस्थानी नाडी-ऑक्सिमीटर आहे. कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजन अजमावण्याचा प्रयोग जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी १९३५ च्या सुमारास केला होता. परंतु धमनीतील रक्ताचा भाग नाडीच्या ठोक्यावरून वेगळा काढण्याची युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि आजची सर्व उपकरणे त्याच तत्त्वावर चालतात. सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश त्वचेतून जातात; ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते आणि त्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढली जाते. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो, तर मनगटी घड्याळात तो परावर्तित होऊन परत येतो. परावर्तित संकेत क्षीण असतो आणि हाताच्या हालचालीने सहज बिघडतो, त्यामुळे घड्याळाचा आकडा बोटाच्या आकड्याइतका भरवशाचा धरू नये. बाजारातील अनेक घड्याळे वैद्यकीय साधन म्हणून नव्हे, तर तंदुरुस्तीचे साधन म्हणूनच विकली जातात, हेही खोक्यावरील बारीक अक्षरात लिहिलेले असते.

चांगल्या उपकरणातही दोन ते चार टक्क्यांचा फरक गृहीत धरावा लागतो. थंड बोटे, मंद रक्तप्रवाह, नखांवरचा गडद रंग यांनी आकडा चुकतो. त्वचेच्या रंगाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवत असताना धमनीतील ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. आणखी एक फसवणूक धुराची. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन यांतला भेद साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. त्यामुळे विडी ओढणाऱ्याचा, चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा किंवा काजूच्या हंगामात फेणी गाळण्याच्या भाटीवर दिवसभर जाळ घालणाऱ्या माणसाचा आकडा वास्तवाहून चांगला दिसू शकतो. ज्याला इशाऱ्याची गरज अधिक, नेमके त्यालाच यंत्र दिलासा देते.

आकड्याचा अर्थ लावणे हा या विषयाचा गाभा आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत ९४ ते ९८ टक्के ही अपेक्षा योग्य असली, तरी ज्या सीओपीडी रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असतो त्यांना ऑक्सिजन देताना ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात. कोविडच्या साथीत ऑक्सिमीटर घरोघर पोचला आणि ‘चौऱ्याण्णवच्या खाली आले की इस्पितळ’ ही खूणगाठ लोकांच्या मनात पक्की बसली. ती त्या साथीपुरती उपयोगी होती. सीओपीडीच्या जुन्या रुग्णाच्या बाबतीत तीच दिशाभूल करते. नव्वदचा आकडा पाहून घाबरलेले घरचे लोक ऑक्सिजन यंत्राची चकती फिरवून प्रवाह वाढवतात, आकडा छान चढतो, आणि ऑक्सिमीटरला मुळीच न दिसणारा कार्बन डायऑक्साइड रक्तात वाढून रुग्णाला गुंगी येऊ लागते. म्हणून प्रकृती स्थिर असताना दोन-तीन आठवडे ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून घेतलेल्या नोंदींवरून प्रत्येकाची स्वतःची आधारपातळी ठरवावी लागते; महत्त्व त्या पातळीपासून होणाऱ्या घसरणीला असते. रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि ही टक्केवारी यांचा संबंध दाखवणारा वक्र नव्वदच्या खाली तीव्र उतरणीला लागत असल्याने तेथे तीन-चार टक्क्यांचा फरक फार मोठा ठरतो.

श्वासांची गती हे मोजमाप मात्र विनाकारण उपेक्षित राहिले आहे. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. आजार बळावण्याआधी ही गती वाढू लागते. छातीवरचा पट्टा किंवा चिकटपट्टीसारखा संवेदक ती झोपेतही मोजतो, आणि झोपेतली नोंद हीच परिधेय साधनांची खरी कमाई आहे, कारण रात्री ऑक्सिजन उतरतो हे रुग्णाला स्वतःला कळत नसते. पावले मोजणारा संवेदक स्वस्त आणि साधा असला तरी बोलका असतो: रोज देवळापर्यंत जाणारा माणूस आठवडाभर अंगणातच घुटमळू लागला, तर ते आकड्यांत उमटते. खोकला व घरघर ऐकणारे ध्वनिसंवेदक आणि श्वासातून औषध घेण्याच्या पंपाचा प्रत्येक झोत नोंदवणारी टोपणे अजून सर्वसामान्य वापरात आलेली नाहीत.

परिणामकारकतेबद्दलचा पुरावा जाहिरातींइतका उत्साहवर्धक नाही. स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरून रोज लक्षणे व ऑक्सिजन कळवणाऱ्यांचे इस्पितळात दाखल होणे लांबणीवर पडल्याचे दिसले नाही. दोन्ही गटांना मूळची वैद्यकीय सेवा सारखीच चांगली होती, हे त्या निष्कर्षाचे एक कारण मानले जाते. नोंद पाहणारा माणूस, त्याने घ्यायचा निर्णय आणि रुग्णाच्या हाती असलेली लेखी कृतियोजना ही साखळी नसेल, तर संवेदक नुसता आकडे साठवत राहतो.

गोव्याच्या संदर्भात या पद्धतीचा विचार करताना प्रथम कारणे पाहावी लागतात. २०१६–१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात गोव्यातील प्रौढांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी आढळले. देशाची सरासरी २८.६ टक्के होती. तरीही दम्याचे व धापेचे रुग्ण येथे आहेतच, आणि त्यामागे धूळ, धूर व ओल यांचा वाटा लक्षात घ्यावा लागतो. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात ट्रकांची धूळ वर्षानुवर्षे उडाली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढे काही अंशी पुन्हा सुरूही झाल्या; परंतु सिलिकाच्या धुळीने होणारा विकार धूळ थांबल्यावरही पुढे सरकत राहतो. वास्को परिसरात बंदरावरील कोळशाच्या भुकटीची तक्रार जुनी आहे. पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, लाकडावरची भट्टी, मागीलदारची चूल, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे फटाके भरून गावोगाव जाळले जाणारे नरकासुर, ही धुराची खास गोव्याची ठिकाणे होत. पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जुन्या घरांच्या भिंती ओल धरतात, कपाटांना बुरशी येते, आणि जून ते सप्टेंबर या काळातच सर्दी-तापाच्या विषाणूंनी आजार बळावतो. निरीक्षण वर्षभर करणे शक्य नसल्यास निदान या चार महिन्यांत करावे, असे म्हणण्यास यामुळे जागा आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर असल्याने अंतर हा येथे मोठा अडथळा नाही. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, तसेच म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळे बहुतेक गावांपासून दोन तासांच्या आत आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचा ईसीजी गावच्या आरोग्यकेंद्रातून गोमेकॉतील तज्ज्ञांकडे पाठवण्याची पद्धत राज्यात रुळलेली आहे. फुप्फुसविकारांत मात्र एका झटक्याऐवजी आठ-दहा दिवसांत होणारी घसरण ओळखायची असते, त्यामुळे तज्ज्ञापेक्षा रोज नोंद पाहणारी परिचारिका अधिक मोलाची ठरते. सत्तरी, सांगे व काणकोणच्या डोंगराळ वाड्यांवर मोबाइलचे जाळे तुटक असल्याने नोंदी उपकरणातच साठवून नंतर पाठवणारी साधने तेथे योग्य. ज्यांना दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी पावसाळ्यात वीज जाणे ही संवेदकाच्या बिघाडाहून मोठी आपत्ती असते. भरलेले सिलिंडर हाताशी ठेवण्यास पर्याय नाही.

किमतीच्या बाबतीत, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, नेब्युलायझर इत्यादी पाच साधनांवरील व्यापारी नफा ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित केल्याने बोटाचे ऑक्सिमीटर सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यात आले. छातीवरचे पट्टे व रात्रभराची नोंद ठेवणारी साधने अद्याप महाग आहेत.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील ११.२ टक्के लोक साठीपुढचे होते, आणि हे प्रमाण केरळच्या खालोखाल होते. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये, आणि आईवडील गावच्या मोठ्या घरात, ही रचना येथे सर्रास आढळते. त्यामुळे घड्याळाला जोडलेला मोबाइल पुष्कळदा परदेशातील मुलाचा असतो, आणि ऑक्सिजन उतरल्याची सूचना मध्यरात्री दुबईत वाजते, शेजारच्या घरात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यात अशी माहिती वापरण्यासाठी साधारणपणे रुग्णाची संमती घेण्याची तरतूद आहे. व्यवहारात ती उपकरण सुरू करताना मुलगाच देऊन मोकळा होतो. संमती घेतानाच सूचना मिळणाऱ्यांच्या यादीत वाड्यावरच्या एखाद्या माणसाचा आणि जवळच्या आरोग्यकेंद्राचा क्रमांक घालणे, आणि त्या माणसाला रुग्णाची आधारपातळी कागदावर लिहून देणे, ही या पद्धतीतील सर्वांत कमी खर्चाची तजवीज आहे.