रॉबर्टसन की टियर्नी? दोघंही स्कॉटिश, दोघंही लेफ्ट बॅक, मग नेमका फरक काय

स्कॉटलंडची मॅच असली की आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, अरे टियर्नी म्हणजे तो लिव्हरपूलवाला ना? नाही. लिव्हरपूलवाला तो अँडी रॉबर्टसन. किअरन टियर्नी आर्सेनलला होता आणि २०२५ मध्ये परत सेल्टिकला, म्हणजे ग्लासगोच्या क्लबला गेला. पण गोंधळ होतो यात नवल काहीच नाही, कारण बघा ना, दोघंही डाव्या पायाने खेळणारे, दोघंही लेफ्ट बॅक म्हणजे मागे डाव्या कडेचे डिफेंडर, दोघंही लहानपणी सेल्टिकच्या अकॅडमीत, वयात फक्त तीन वर्षांचं अंतर, आणि वर दोघंही एकाच वेळी एकाच नॅशनल टीममध्ये डाव्या बाजूलाच पळताना दिसतात. क्लबची मॅच न बघता फक्त युरो बघणाऱ्या माणसाला दोघं वेगळे कसे ओळखू येणार.

मला स्वतःला हे दोघंही फार आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रॉबर्टसन. जन्म १९९४, ग्लासगो. घरचे सेल्टिकचे फॅन, हा पण अकॅडमीत, आणि पंधराव्या वर्षी सेल्टिकने सांगितलं की तू अंगाने लहान आहेस, जमणार नाही. तिथून तो क्वीन्स पार्कला गेला. हा क्लब समजून घेतल्याशिवाय रॉबर्टसन कळत नाही. १८६७ चा क्लब, स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना, आणि त्या काळात पूर्ण हौशी, म्हणजे खेळाडूला पगार नाही, खेळायचं ते खेळासाठी. २०१२-१३ ला तो तिथे सीनियर टीममध्ये आला तेव्हा क्लब चौथ्या डिव्हिजनला होता, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी पैशाच्या भानगडीत बुडालेला बलाढ्य रेंजर्स पण त्याच डिव्हिजनमध्ये येऊन पडला होता. पगार नाही म्हटल्यावर पोरगा हॅम्पडेन पार्क या नॅशनल स्टेडियमच्या ऑफिसात फोनवर तिकिटांच्या ऑर्डरी घ्यायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने ट्विट टाकलं की या वयात पैसे नसले की आयुष्य बेकार, नोकरी पाहिजे. ते ट्विट अजून फिरतं, आणि फिरायलाच पाहिजे, कारण त्यानंतर सहा वर्षं व्हायच्या आत हा माणूस चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला.

मधले टप्पे पटापट सांगतो. २०१३ ला डंडी युनायटेड, एकच सीझन पण त्यात स्कॉटलंडचा बेस्ट यंग प्लेयर. २०१४ ला साधारण २८.५ लाख पौंडांत हल सिटी, तिथे तीन सीझनमध्ये दोनदा रेलिगेशन (खालच्या लीगमध्ये घसरण) आणि एकदा प्रमोशन. आणि २०१७ ला लिव्हरपूल, सुरुवातीची रक्कम ८० लाख पौंड. रेलिगेट झालेल्या टीमचा लेफ्ट बॅक कशाला घेताय, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं. पहिले काही महिने तो तिथल्या आधीच्या लेफ्ट बॅकच्या, मोरेनोच्या मागे बेंचवरच होता, डिसेंबरमध्ये मोरेनोला दुखापत झाली आणि याला जागा मिळाली, आणि मग जानेवारी २०१८ ची मँचेस्टर सिटीविरुद्धची ती मॅच. ४-३. त्यातला गोल नाही, त्यातली रॉबर्टसनची धाव लोकांच्या लक्षात आहे, डाव्या बाजूने सुरुवात करून सिटीच्या एकेका खेळाडूच्या मागे लागत लागत पार त्यांच्या गोलकीपरपर्यंत एकटा प्रेस करत, म्हणजे बॉल काढून घ्यायला दबाव टाकत गेला, बॉल मिळाला नाही पण लिव्हरपूलचं अख्खं अॅनफिल्ड स्टेडियम उभं राहिलं. ज्यांना रॉबर्टसन एका मिनिटात समजून घ्यायचाय त्यांनी तेवढी क्लिप बघावी.

आता टियर्नी, आणि याची गोष्ट बरोब्बर उलटी. जन्म १९९७, आइल ऑफ मॅनवरचा, पण अगदी लहान असतानाच घरचे स्कॉटलंडला आले. सेल्टिकने याला काढलं नाही, उलट जपलं, वाढवलं. सात वर्षांचा असल्यापासून अकॅडमीत, एप्रिल २०१५ मध्ये सतराव्या वर्षी पहिल्या टीममध्ये, मग २०१६, २०१७, २०१८ असा सलग तीन वर्षं स्कॉटलंडचा बेस्ट यंग प्लेयर. त्या काळात सेल्टिकने लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप तिन्ही एकाच सीझनमध्ये जिंकले, आणि असं लागोपाठ तीन सीझन केलं. २०१७ च्या कप फायनलमध्ये याच्या तोंडावर विरुद्ध टीमच्या खेळाडूचा कोपर बसला, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि ट्रॉफी उचलायच्या वेळेला हा परत हॅम्पडेनवर हजर! सेल्टिकची माणसं याच्यावर एवढं प्रेम का करतात ते यात आलं.

२०१९ मध्ये आर्सेनलने त्याला २.५ कोटी पौंडांना घेतलं, स्कॉटिश खेळाडूसाठी तोवरची सगळ्यात मोठी रक्कम. म्हणजे बघा, ज्याला सेल्टिकने नको म्हटलं तो ८० लाखांत लिव्हरपूलला गेला आणि ज्याला डोक्यावर घेतलं तो त्याच्या तिप्पट पैशात आर्सेनलला. पण ट्रॉफ्यांचा हिशोब काढला तर रॉबर्टसनकडे चॅम्पियन्स लीग २०१९, प्रीमियर लीग २०२० आणि २०२५, एफए कप २०२२, आणि टियर्नीकडे इंग्लंडमधलं मोठं असं २०२० चा एफए कप. यावरून लोक लगेच म्हणतात की मग रॉबर्टसनच भारी. हे मला पटत नाही, कारण दोघांचं काम एकच आहे असं धरूनच ही तुलना होते, आणि तिथेच चुकतं.

कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. डावा कॉर्नर आणि डावं कव्हर दोघंही डावीकडेच उभे असतात, लांबून बघणाऱ्याला दोघंही डिफेंडर, पण कॉर्नरवाल्याची नजर रेडरच्या पायावर आणि कव्हरवाला आतून धडक द्यायला तयार, एकाच्या जागी दुसरा उभा केला की टीमचा तोल जातो. रॉबर्टसन आणि टियर्नीचं तसंच आहे.

रॉबर्टसन हा टचलाइनचा, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेचा माणूस. कोच क्लॉपच्या लिव्हरपूलमध्ये डावा विंगर माने आत शिरायचा आणि डावी बाजू पूर्ण मोकळी व्हायची, ती रॉबर्टसनने भरायची, वर जायचं, क्रॉस टाकायचा, बॉल गेला की तेवढ्याच वेगाने मागे यायचं, आणि हे नव्वद मिनिटं. २०१८-१९ मध्ये प्रीमियर लीगमध्ये त्याचे ११ असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास), पुढच्या सीझनला १२, पलीकडून राइट बॅक ट्रेंट त्याच्याहून एक एक जास्त. लिव्हरपूलचा खेळ मिडफिल्डमधून कमी आणि या दोन फुल बॅकमधून जास्त चालायचा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने लेटन बेन्सचा ५३ असिस्टचा रेकॉर्ड मोडला, डिफेंडरसाठीचा प्रीमियर लीगमधला, पुढे ट्रेंटने त्यालाही मागे टाकलं ती गोष्ट वेगळी.

टियर्नी आधी डिफेंडर, मग बाकी सगळं. एकास एक टॅकल, आत येऊन हेडर, बॉल पायाशी घेऊन मागून पुढे सरळ धावत जाणं. जानेवारी २०२१ मध्ये वेस्ट ब्रॉमला भर बर्फात हाफ बाह्यांच्या जर्सीवर खेळताना त्याने डावीकडून आत येऊन उजव्या पायाने जो गोल मारला तो बघितलात तर कळेल, डाव्या पायाचा डिफेंडर असून किती सहज. आर्सेनलचा कोच अर्टेटाने २०२० च्या एफए कप फायनलला त्याला तीन सेंटर बॅकमधल्या डावीकडच्या जागी खेळवलं होतं आणि त्याने चेल्सीसमोर ते काम चोख केलं. रॉबर्टसनला तिथे उभं करा, अर्धा रॉबर्टसन वाया गेला.

स्कॉटलंडसमोर अनेक वर्षं प्रश्न हाच होता की देशातले दोन सगळ्यात चांगले खेळाडू एकाच जागेचे. आधी टियर्नीला राइट बॅकला वगैरे खेळवून बघितलं, ते काय खरं नव्हतं, आणि सप्टेंबर २०१८ पासून तर रॉबर्टसन कॅप्टन, त्याला बसवणार कसं. मग २०१९ ला स्टीव्ह क्लार्क कोच झाला आणि पुढच्या वर्षी त्याने मागे तीन डिफेंडर केले, त्यात डावीकडचा टियर्नी आणि त्याच्या पुढे विंग बॅक रॉबर्टसन. इथे एक शब्द नीट समजून घ्या. फुल बॅक म्हणजे मागच्या चौघांतला कडेचा, वर गेला तर त्याच्या मागे खड्डा पडतो. विंग बॅकच्या मागे तीन सेंटर बॅक असतात म्हणून त्याला बिनधास्त वर जाता येतं. आणि त्या तिघांतला कडेचा जर टियर्नीसारखा असेल तर तो पण रॉबर्टसनच्या बाहेरून पुढे पळत जातो, समोरच्या राइट बॅकला कळतच नाही की दोघांपैकी कोणाला धरू! नोव्हेंबर २०२० मध्ये बेलग्रेडला सर्बियाविरुद्ध पेनल्टीवर जिंकून स्कॉटलंड युरोला गेला, पुरुषांची टीम १९९८ नंतर पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत, तेव्हा हीच मांडणी होती.

पण दोघांचा फरक एकाच मॅचमध्ये बघायचा असेल तर मार्च २०२३, हॅम्पडेन, स्पेनविरुद्ध २-० बघा. दोन्ही गोल स्कॉटलंडच्या मिडफिल्डर मॅकटॉमिनेचे. पहिला गोल, पेद्रो पोरो घसरला, रॉबर्टसन तिथे आधीच चिकटलेला होता, बॉल काढून घेतला आणि मागे कट करून दिला. दुसरा गोल, टियर्नीने आपल्या बाजूने बॉल घेतला आणि कार्वाहालला मागे टाकत अख्खी डावी कड पळत गेला, त्याचा क्रॉस अडला आणि उसळलेल्या बॉलवर गोल. एक प्रेसिंगमधून आला, एक मागून पळत येऊन. दोघांच्या सह्याच म्हणा ना.

टियर्नीच्या बाबतीत जीव हळहळतो तो दुखापतींमुळे. हर्नियाचं ऑपरेशन करूनच आर्सेनलला आला, त्याच वर्षी खांदा निखळला, मग गुडघा, २०२२ मध्ये परत गुडघा. आणि तो बाहेर असताना अर्टेटाचा खेळ बदलला. नवा लेफ्ट बॅक झिन्चेन्को आला, आता लेफ्ट बॅकने आत मिडफिल्डमध्ये येऊन उभं राहायचं होतं, आणि टियर्नीची ताकद बाहेरच्या बाजूने पळण्यात. वाईट खेळला म्हणून नाही, कामच बदललं म्हणून जागा गेली. मग एक सीझन लोनवर रिअल सोसिएदाद, युरो २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध हॅमस्ट्रिंग, आणि शेवटी २०२५ मध्ये घरी, सेल्टिकला. रॉबर्टसनचं शरीर तुलनेने खूप चाललं, आणि दोघांच्या ट्रॉफ्यांमधल्या फरकाचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

आणि मग १८ नोव्हेंबर २०२५, डेन्मार्कविरुद्ध, हॅम्पडेन, जिंकलं तर वर्ल्ड कप. आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू झालेली मॅच. क्लार्क तोवर मागे चार डिफेंडरवर आला होता, म्हणजे परत डावीकडे एकच जागा, ती रॉबर्टसनची, टियर्नी बेंचवर. दुसऱ्या हाफमध्ये रॉबर्टसनकडूनच फाउल झाला, व्हीएआरने (व्हिडिओ रेफरीने) पेनल्टी दिली आणि १-१. नंतर स्कॉटलंड २-१ पुढे, मग २-२, आणि बरोबरीत वर्ल्ड कप डेन्मार्कचा. ९३ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या टियर्नीने बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायाने वळवून मारला, ३-२, मी घरात सगळे झोपलेत हे विसरून ओरडलो. ९८ व्या मिनिटाला मॅक्लीनने मिडफिल्डमधूनच चौथा टाकला. स्कॉटलंड २८ वर्षांनी वर्ल्ड कपला. मॅचनंतर रॉबर्टसन बोलायला आला तेव्हा डोळे भरलेले होते, दिवसभर त्याच्या डोक्यात दिओगो जोटा होता, जुलैमध्ये वारलेला त्याचा लिव्हरपूलमधला मित्र. दोघं वर्ल्ड कपला जायच्या गप्पा मारायचे.