पाणवनस्पतींचा ताण-प्रतिसाद : मराठवाड्यातील पाणथळी

पाण्यात किंवा चिखलात वाढणाऱ्या वनस्पती सांडपाणी, गढूळपणा, प्राणवायूचा तुटवडा, क्षार आणि दुष्काळ यांना आपल्या शरीरात व वाढीत बदल करून तोंड देतात. या बदलांना ताण-प्रतिसाद म्हणतात. मराठवाड्यातल्या पाणथळी म्हणजे मुख्यतः धरणांचे जलाशय, पाझर तलाव आणि शहरांच्या कडेची जुनी तळी. पर्जन्यछायेतल्या या प्रदेशात पावसाचा भरवसा नसतो, सांडपाणी मात्र बारा महिने येतच राहते. उन्हाळ्यात तेवढाच मैला थोड्याशा पाण्यात मिसळतो आणि प्रदूषण व टंचाई हे दोन्ही ताण एकदम अंगावर येतात. हिरवेगार दिसणारे तळे निरोगी असते, हा समज अशा ठिकाणी फसवा ठरतो.

पैठणचा नाथसागर घ्या. गोदावरीवरचे जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले आणि 1986 मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय उथळ आहे. उथळ, नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, म्हणून कारा हे शैवाल आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन या बुडून वाढणाऱ्या वनस्पती इथे आढळतात. वारकरी पक्ष्यांचे थवे अशाच वनस्पतींवर चरतात.

या वनस्पतींना विषाआधी अंधार मारतो. मैल्यातून आणि शेतातल्या खतांतून नत्र व स्फुरद पाण्यात उतरले की सूक्ष्म शैवाल माजते, पानांवर बुळबुळीत थर चढतो आणि तळाचा उजेड जातो. कारा सहसा आधी नाहीशी होते. हायड्रिला खोडे लांबवून उजेडाकडे धावते आणि पृष्ठभागाशी जाळे विणते, त्यामुळे ती बराच काळ तग धरते. मुळांनी धरून ठेवलेला गाळ ही झाडे गेल्यावर वाऱ्यानेही ढवळला जातो. पाणी आणखी गढूळ होते आणि मग नाला बंद केला तरी ती लवकर परतत नाहीत. तळ्याच्या आजाराचा हा टप्पा काठावरून दिसत नाही, म्हणूनच तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

दिसते ती जलपर्णी. छत्रपती संभाजीनगरातल्या सलीम अली सरोवरात आणि नांदेडला गोदावरीच्या पात्रात तिचे थर लोकांच्या परिचयाचे आहेत. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती मैलापाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. नाल्याच्या तोंडाशी वाढलेले एखादे रोप उपटून पाहिले तर दाटीत उंच गेलेले देठ आणि त्या मानाने आखूड मुळांचा झुपका हाती येतो. मोकळ्या, कमी खताच्या पाण्यात तेच रोप बुटके राहते. देठ फुगीर होतात आणि पिसासारखी जांभळट काळी मुळे लांबच लांब लोंबतात. अन्न शोधावे लागते तिथे मुळांवर खर्च होतो, आयते मिळते तिथे पानांवर. त्यामुळे रोपाची नुसती ठेवणही पाण्याबद्दल बरेच सांगून जाते. थराखाली मात्र उजेड आणि हवेतला प्राणवायू पोचत नाही, मासे गुदमरतात आणि भोई-कोळ्यांची जाळी अडकतात.

काठच्या चिखलात पाणकणीस उभे असते. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या या काळ्या गाळात प्राणवायू जवळपास नसतो. पाणकणसाच्या पानांत व खोडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि थोडी बाहेरही झिरपते. तिथे विरघळलेले लोह गंजते. काळ्या चिखलातून ओढून काढलेल्या मुळांवर नारिंगी लेप दिसतो तो हाच. काही जड धातू या लेपातच अडकतात.

कारखान्यांच्या पाण्यातून आलेले कॅडमियम, शिसे, क्रोमियम आत शिरलेच, तर पेशींमध्ये घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात. त्यांना निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) वनस्पती वाढवते, कॅडमियमसारख्या धातूंना फायटोकेलेटिन नावाच्या साखळ्यांत बांधते आणि पेशीतल्या रिक्तिकांत, म्हणजे साठवणीच्या कप्प्यांत, कोंडते. बहुतेक धातू मुळांतच ठेवला जातो. ही ताकद संपली की पाने पिवळी पडतात आणि वाढ थांबते. लेम्ना या टिकलीएवढ्या तरंगत्या वनस्पतीमध्ये हे इतके लवकर दिसते की पाण्याची विषारीता तपासायला प्रयोगशाळेत तीच वापरतात.

दुष्काळाला दिलेला प्रतिसाद वेगळा, तो वाट पाहण्याचा असतो. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी हायड्रिलाचे कंद चिखलाच्या ओलीत दबा धरून राहतात. मार्सिलिया या चार पानांच्या नेच्याच्या बीजाणूंच्या कठीण पेट्या कितीतरी वर्षे कोरड्या टिकतात. जलपर्णीचे थर वाळून जातात, पण तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते आणि उघड्या, ओल्या गाळावर ऊन पडले की रुजते. उतरत्या पाण्यामागे लोक गाळपेर करतात त्याच पट्ट्यात तिचीही पेरणी होत असते. बेशरमची तुटकी फांदीही तिथेच मुळे धरते, आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत.

जलपर्णी काढण्याच्या मोहिमांत ढीग अनेकदा काठावरच सोडले जातात. ते कुजले की नत्र व स्फुरद पहिल्या पावसात परत तळ्यात जातात. ढीग पाण्यापासून दूर न्यावे लागतात. कारखान्यांचे पाणी येते तिथल्या जलपर्णीच्या मुळांत धातू साठलेले असू शकतात, म्हणून तिचे खत तपासणीशिवाय शेतात टाकू नये.