चित्रपटातले पार्श्वसंगीत आणि अल्बमवरचे पार्श्वसंगीत

पार्श्वसंगीताचे दोन चाहते ‘जॉज’ या शार्कच्या थरारपटावर बोलू लागले की थोड्याच वेळात त्यांचे पटेनासे होते. एकाला त्यातील सागरी साहसाचा, जवळजवळ उत्सवी भाग आवडतो आणि तो स्टीरिओमध्ये उजवी-डावीकडून येणाऱ्या वाद्यांची तारीफ करतो. दुसऱ्याला तेच संगीत कोरडे, आखूड आणि दबा धरून बसलेले वाटते. चौकशी केली तर कळते की पहिला १९७५ साली एमसीए कंपनीने काढलेली तबकडी ऐकून बोलतो आहे आणि दुसरा चित्रपट पाहून. संगीतकार एकच, जॉन विल्यम्स, स्वरावलीही तीच. परंतु ती तबकडी चित्रपटातील मूळ ध्वनिमुद्रणावरून काढलेली नव्हती. विल्यम्स यांनी तिच्यासाठी संगीताची पुन्हा मांडणी करून ते पुन्हा वाजवून घेतले होते. चित्रपटात प्रत्यक्ष वापरलेले ध्वनिमुद्रण डेक्का कंपनीने २००० साली प्रसिद्ध केले, म्हणजे पाव शतकभर ‘जॉजचे संगीत’ म्हणून घराघरांत जे वाजत होते ते चित्रपटगृहात कधीच वाजलेले नव्हते.

चित्रपटात वाजणारे पार्श्वसंगीत आणि अल्बमवर मिळणारे पार्श्वसंगीत या दोन गोष्टींना आपण एकाच नावाने ओळखतो, म्हणून ही गल्लत होते. माझ्या मते या दोहोंना दोन स्वतंत्र कृती मानणे योग्य ठरते, कारण त्या वेगळ्या कामासाठी, वेगळ्या बंधनांखाली आणि पुष्कळदा वेगळ्या माणसांच्या निर्णयाने घडतात.

चित्रपटाचे संकलन बहुतांशी पूर्ण झाले की दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून संगीत कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे हे ठरवतात. अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. हॉलिवूडच्या जुन्या पद्धतीत त्याला ‘१ एम १’ अशा धर्तीचा क्रमांक असतो, ज्यातील पहिला आकडा रिळाचा आणि शेवटचा त्या रिळातील तुकड्याचा. एखादा क्यू वीस सेकंदांत संपतो, तर एखादा सात मिनिटे चालतो, आणि त्याची लांबी संगीताच्या गरजेवरून ठरत नाही, प्रसंगाच्या लांबीवरून ठरते. ध्वनिमुद्रण झाल्यावरही त्याचे भवितव्य निश्चित नसते. मिश्रणाच्या टेबलावर तो संवादांखाली दाबला जातो, दृश्य कापले गेले तर मधूनच तोडला जातो, आणि कधी कधी उचलून भलत्याच प्रसंगावर चिकटवला जातो. या टप्प्यावर अखेरचा शब्द दिग्दर्शकाचा असतो आणि संगीतकाराला अनेकदा निकाल चित्रपट पाहूनच कळतो.

अल्बमवर क्यू नसतो, ट्रॅक असतो. तीन आखूड क्यू जोडून एक ट्रॅक केलेला असू शकतो, किंवा चित्रपटात निम्मा कापलेला तुकडा तेथे पूर्ण वाजतो. क्रमही कथेचा असेलच असे नाही. ‘स्टार वॉर्स’चा (१९७७) दोन तबकड्यांचा मूळ अल्बम याचे उत्तम उदाहरण आहे: चित्रपटात कॅन्टीना या मद्यालयातील वाद्यवृंद आधी येतो आणि बेन या वृद्ध योद्ध्याचा मृत्यू बऱ्याच नंतर होतो, अल्बमवर बेनच्या मृत्यूचा ट्रॅक आधी आहे आणि कॅन्टीना त्याच बाजूच्या शेवटी. कथा ठाऊक असलेल्या श्रोत्याला हे खटकते, पण विल्यम्स यांनी तबकडीची प्रत्येक बाजू एखाद्या मैफिलीच्या भागासारखी रचली होती आणि जड, गंभीर संगीतानंतर हलके संगीत कोठे हवे याचा विचार केला होता. पुढे १९९७ साली आरसीएने कथेच्या क्रमाने दोन सीडींचा संच काढला, तेव्हा क्रमाची तक्रार मिटली. तरीही मूळ तबकडीची चढउतार मला आजही अधिक भावते.

अल्बम आखूड असण्यामागे केवळ कलाविचार नव्हता. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांपेक्षा अधिक संगीत चांगल्या दर्जाने मावत नसे. शिवाय अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या नियमानुसार चित्रपटासाठी वाजवलेले संगीत अल्बमसाठी पुन्हा वापरायचे झाल्यास वादकांना वेगळे मानधन द्यावे लागे. मोठा वाद्यवृंद असेल तर ही रक्कम इतकी वाढे की कंपन्या तीस मिनिटांच्या आसपासच थांबत. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील लॉस एंजलिसमध्ये मुद्रित झालेल्या अनेक अल्बमांची अर्ध्या तासाची लांबी पाहून संगीतकाराने कंजुषी केली असे जे म्हटले जाते, त्यात त्याच्यावर अन्याय होतो.

पुन्हा ‘जॉज’कडे येऊ, कारण दोन कृतींमधील सर्वांत खोल फरक तेथे दिसतो आणि तो ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचा नाही. शार्क जवळ येते तेव्हा दोन स्वरांची ती प्रसिद्ध आवर्तने सुरू होतात आणि प्रेक्षकाच्या मनात एक करार तयार होतो की हे स्वर आले म्हणजे शार्क आहे. मग दोन मुले शार्कचा पुठ्ठ्याचा पर लावून समुद्रात खोड्या करतात, किनाऱ्यावर पळापळ होते, आणि त्या वेळी ते स्वर वाजत नाहीत. सावध कानाने ऐकणाऱ्याला धोका नाही हे आधीच कळलेले असते. पुढे पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागे उभा राहून पाण्यात आमिष टाकत असताना शार्क अचानक डोके वर काढते, आणि या वेळीही कोणतीही पूर्वसूचना नसते. संगीताने केलेला करार संगीतानेच मोडलेला असतो. या दोन्ही ठिकाणी विल्यम्स आणि दिग्दर्शक स्पीलबर्ग यांची कामगिरी शांततेत आहे, आणि शांतता अल्बमवर देता येत नाही. अल्बम ऐकून ‘संगीत एकसुरी आहे’ असे म्हणणाऱ्याने ते संगीत कोठे थांबते हे ऐकलेलेच नसते. उलट, चित्रपटातील एकमार्गी (मोनो) ध्वनीत आणि लाटांच्या आवाजाखाली पाठलागाच्या प्रसंगांतील वाद्यलेखनाचे जे बारकावे हरवतात, ते तबकडीवर लखलखीत ऐकू येतात. २०१५ साली इन्ट्राडा कंपनीने दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच संचात दिली, तो संच एका बैठकीत ऐकला तर या लेखातील निम्मे म्हणणे आपोआप पटेल.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ची (१९७९) कथा याहून गुंतागुंतीची आहे. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी आरंभीच्या नामावलीसाठी अवकाशाचे गूढ आणि भव्यता सांगणारे संगीत लिहिले होते; स्कॉट यांना ते नको होते, म्हणून गोल्डस्मिथ यांनी दुसरे, अधिक विचित्र आणि विरळ संगीत लिहून दिले. इतकेच नव्हे, तर संकलक टेरी रॉलिंग्ज यांनी तात्पुरते म्हणून लावलेले काही तुकडे दिग्दर्शकाला इतके आवडले की ते तसेच राहिले. त्यांत गोल्डस्मिथ यांनीच १९६२ साली ‘फ्रॉइड’ या चित्रपटासाठी लिहिलेले संगीत होते आणि शेवटी हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा अंश होता. अल्बम मात्र गोल्डस्मिथ यांच्या मूळ कल्पनेप्रमाणे निघाला. परिणाम असा की ‘एलियनचा शेवट किती हळवा आहे’ असे चित्रपट पाहून म्हणणारा रसिक खरे तर १९३० सालच्या एका सिंफनीची स्तुती करतो, आणि ‘एलियनची सुरुवात किती काव्यमय आहे’ असे अल्बम ऐकून म्हणणारा रसिक चित्रपटाने नाकारलेल्या संगीताची. गोल्डस्मिथ यांची नाराजी समजण्यासारखी होती. तरीही स्कॉट यांची निवड पडद्यावर योग्य ठरली असे मला वाटते: त्या पहिल्या नामावलीने प्रेक्षकाला आश्वस्त केले असते, आणि या चित्रपटाला आश्वस्त प्रेक्षक परवडला नसता. त्याच वेळी घरी ऐकायला मी नाकारलेलाच तुकडा निवडीन. ही दोन मते एकमेकांना छेद देत नाहीत, कारण ती दोन वेगळ्या कृतींबद्दल आहेत.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या (१९६८) बाबतीत तर आधीपासून अस्तित्वात असलेल्या शास्त्रीय संगीतातही फरक पडला. चित्रपटात रिशार्ड श्ट्राउस यांची रचना हर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखालील व्हिएन्ना फिलहार्मोनिकची आहे. अल्बमवर मात्र तीच रचना कार्ल ब्योम यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली आहे. अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले आणि दिग्दर्शक कुब्रिक यांनी वगळलेले संगीत या दोन्ही ठिकाणी नाही. ते गोल्डस्मिथ यांनी १९९३ साली नव्याने वाजवून घेतले तेव्हा श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

१९८९ सालच्या ‘बॅटमॅन’चा गोंधळ सोपा आहे, म्हणून त्यावर फार थांबत नाही. त्याचे दोन अल्बम निघाले: एक प्रिन्सच्या गाण्यांचा आणि दुसरा डॅनी एल्फमन यांच्या पार्श्वसंगीताचा. ‘बॅटमॅनचा साउंडट्रॅक’ असे म्हणणाऱ्याला यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पुनर्मुद्रणांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. ‘सायको’ (१९६०) या चित्रपटातील केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेले संगीत बर्नार्ड हरमन यांनी स्वतःच १९७५ साली लंडनमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि त्यातील लय चित्रपटातल्यापेक्षा लक्षणीय संथ आहे. संगीतकाराने स्वतः संचालन केले म्हणून ते अधिक प्रमाण मानावे काय? हरमन यांच्याच ‘व्हर्टिगो’च्या (१९५८) बाबतीत तर अमेरिकेतील वादकांच्या संपामुळे मूळ ध्वनिमुद्रण युरोपात, म्युअर मॅथिसन यांच्या संचालनाखाली झाले होते, म्हणजे चित्रपटातील आवृत्तीतच हरमन यांचा हात व्यासपीठावर नव्हता. माझे मत असे आहे की ‘सायको’ची संथ आवृत्ती स्वतंत्रपणे ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात आतील स्वरांचे विणकाम दिसते, परंतु गाडी चालवताना चित्रपटातील मॅरियन या नायिकेच्या मनात जी धावपळ चालू असते ती त्या लयीत राहत नाही. जे संगीत प्रसंगाच्या वेगाशी बांधलेले आहे त्याचा वेग बदलला की अर्थही सैल होतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाहत्यांचा कल ‘संपूर्ण’ आवृत्त्यांकडे गेला आहे. हॉवर्ड शोअर यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही भागांचे संपूर्ण संगीत २००५, २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील पहिल्याच भागाला तीन सीडी लागल्या. फिल्म स्कोअर मंथली, इन्ट्राडा, ला-ला लँड यांसारख्या कंपन्यांनी जुन्या चित्रपटांचे असे संच बऱ्याचदा मर्यादित प्रतींत काढले. या कामाबद्दल मला आदरच आहे. नष्ट होऊ शकले असते असे कितीतरी संगीत त्यामुळे वाचले. पण ‘संपूर्ण’ म्हणजे ‘चित्रपटातले’ असे समजणे चुकीचे आहे. अशा संचात चित्रपटाने वगळलेले तुकडे असतात, पडद्यावर तोडलेले क्यू अखंड असतात, आणि संकलकाने दोनदा वापरलेला तुकडा एकदाच असतो. म्हणजे तो संच संगीतकाराने काय लिहून वाजवून घेतले त्याची नोंद आहे. शोअर यांच्या संगीताला ही लांबी पेलते, कारण त्यातील सूत्रे तासन्‌तास वाढत, एकमेकांत मिसळत जातात. अनेक थरारपटांना ती पेलत नाही. दीड मिनिटाचे ताणलेले तंतुवाद्यांचे स्वर ओळीने पंधरा वेळा ऐकणे ही संशोधकाची गरज असू शकते, श्रोत्याची नव्हे.

मराठी श्रोत्याला या भेदाची एक वेगळीच बाजू लागू पडते. आपल्याकडे चित्रपटाच्या अल्बमवर गाणी असतात आणि पार्श्वसंगीत सहसा चित्रपटातच राहते. ‘शोले’च्या (१९७५) तर संवादांची तबकडीही निघाली आणि गाजली. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केले, म्हणजे हॉलिवूडचे पार्श्वसंगीत जेथे घडते तेथेच; तरी बाजारात आलेल्या अल्बमवर चार गाणी होती. याचा परिणाम आपल्या मतांवर होतो. हॉलिवूडच्या संगीतकारांचे काम आपण बहुतेक वेळा अल्बमवर ऐकतो, संवादांशिवाय, स्वच्छ मिश्रणात, संगीतकाराने निवडलेल्या क्रमाने. आपल्या संगीतकारांचे तेच काम आपण संवाद, गर्दी आणि वाहनांच्या आवाजाखालून ऐकतो आणि मग ‘आपल्याकडे पार्श्वसंगीताकडे लक्ष दिले जात नाही’ असे सहज म्हणून टाकतो. कधी ते खरेही असेल, पण एका बाजूला अल्बम आणि दुसऱ्या बाजूला चित्रपट ठेवून केलेली ही तुलना ग्राह्य धरता येणार नाही. ती करायचीच असेल तर दोन्हीकडे चित्रपटच पाहिला पाहिजे.

स्ट्रीमिंगमुळे हा प्रश्न सुटण्याऐवजी वाढला आहे, कारण तेथे तबकडीचे मलपृष्ठ नसते आणि एकाच चित्रचौकटीखाली मूळ अल्बम, विस्तारित आवृत्ती आणि दुसऱ्याच वाद्यवृंदाने वाजवलेले संगीत शेजारीशेजारी दिसते. वाद्यवृंदाचे नाव, कंपनी आणि प्रसिद्धीचे वर्ष या तीन गोष्टी पाहिल्या तरी आपण काय ऐकत आहोत हे बहुतेक वेळा कळते. हॅन्स झिमर यांच्या ‘ड्यून’च्या (२०२१) बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण त्याचे तीन अल्बम एकाच वर्षी निघाले: एक चित्रपटाचा, एक त्याच्या निर्मितीवरील पुस्तकाच्या जोडीचा, आणि एक ‘स्केचबुक’, ज्यात झिमर यांनी संगीतकल्पना प्रसंगांच्या लांबीत न अडकवता मोकळेपणाने विस्तारल्या आहेत. तिन्हींपैकी मला स्केचबुक सर्वांत जास्त आवडते, आणि चित्रपटातले झिमर यांचे काम कसे झाले आहे याविषयी त्या आवडीवरून कोणी काही अनुमान काढू नये.