हिल्सबरो म्हणजे डेटन नव्हे

स्टॅन्ली क्रेमरचा 'इनहेरिट द विंड' (१९६०) पाहून उठलेला माणूस हमखास म्हणतो, "खरी गोष्ट आहे बरं का. अमेरिकेत एका शिक्षकाने डार्विन शिकवला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं." मीही कित्येक वर्षं असंच सांगत होतो. खटला झाला होता हे खरं, टेनेसी राज्यातल्या डेटन गावात, जुलै १९२५ मध्ये. पण चित्रपटातलं गाव डेटन नाही, हिल्सबरो आहे. आरोपी जॉन स्कोप्स नाही, बर्ट्रम केट्स आहे. लेखकांनी ही नावं जाणूनबुजून बदलली आहेत.

चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा. गावातली वजनदार माणसं रस्त्यात एकमेकांना येऊन मिळतात, काही न बोलता शाळेकडे चालू लागतात आणि भर वर्गात, मुलांच्या डोळ्यांदेखत केट्सला पकडतात. पाठीमागे जुनं भक्तिगीत संथ लयीत चालू असतं. अंगावर काटा येतो.

डेटनमध्ये सगळं सुरू झालं ते रॉबिन्सन यांच्या औषधांच्या दुकानातल्या एका टेबलापाशी. उत्क्रांती शिकवायला बंदी करणारा बटलर कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये लागू झाला होता. त्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला आपण लढवू, अशी जाहिरात अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने दिली होती. डेटनला तेव्हा उतरती कळा लागलेली. असा खटला आपल्याकडे झाला तर गावाचं नाव होईल, चार पैसे येतील, असा हिशेब दुकानात जमलेल्या मंडळींनी मांडला. चोवीस वर्षांचा स्कोप्स टेनिस खेळत होता, त्याला बोलावणं धाडलं. ज्या 'सिव्हिक बायॉलॉजी'त उत्क्रांतीचा धडा होता ते राज्याने नेमलेलं पाठ्यपुस्तक त्याच दुकानात विकायला होतं. खटल्याला उभा राहशील का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला आणि पुन्हा टेनिस खेळायला गेला. हा धडा आपण खरंच शिकवला होता का, याची त्याला स्वतःलाही नीट खात्री नव्हती.

केट्स कोठडीत बसतो. स्कोप्सने एकही रात्र कोठडीत काढली नाही. पोटच्या मुलीला भर सभेत शाप देणारा पाद्री आणि आरोपीची वाग्दत्त वधू असलेली ती मुलगी, ही दोन्ही पात्रं कल्पनेतली आहेत. चवताळलेला जमावही तसाच. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांना डेटनने मेजवानी दिली होती. गावंढळपणाची खिल्ली उडवण्यात हयात घालवलेले पत्रकार एच. एल. मेंकेन (चित्रपटात जीन केलीने केलेला हॉर्नबेक) यांनीसुद्धा पहिल्याच बातमीत हे गाव आपल्याला देखणं आणि प्रसन्न वाटल्याचं कबूल केलं. नंतर त्यांची लेखणी तापली, ती गोष्ट वेगळी.

उलटतपासणीच्या प्रसंगात मात्र पडदा आणि इतिहास बरेच जवळ येतात. डॅरोंवर बेतलेला वकील झालेला स्पेन्सर ट्रेसी, ब्रॅडी झालेल्या फ्रेड्रिक मार्चला बायबलवरून प्रश्न विचारतो. ब्रॅडी ज्यांच्यावर बेतला आहे ते फिर्यादी पक्षाचे वकील, तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन खऱ्या खटल्यात असेच डॅरोंसमोर बसले होते. पण ते कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर, आणि ज्यूरी तिथे नव्हतीच! दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतूनच काढून टाकली. ज्यूरीने नऊ मिनिटांत निकाल दिला, दंड शंभर डॉलर. ब्रायन चित्रपटातल्या ब्रॅडीसारखे कोर्टात कोसळून वारले नाहीत, पाच दिवसांनी डेटनमध्येच दुपारच्या झोपेत गेले.

मग हिल्सबरोतला तो जमाव आला कुठून? मूळ नाटक १९५५ चं, जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली यांचं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागलेल्या सेनेटर मॅकार्थीच्या काळात माणसं तोंड उघडायला घाबरत होती, नाटक त्या भीतीवर आहे. डार्विन हे निमित्त. पटकथेच्या दोन लेखकांपैकी नेड्रिक यंग अशाच संशयावरून काम नाकारल्या जाणाऱ्यांच्या हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, त्यामुळे पडद्यावर त्याचं टोपणनाव आलं. खिडकीखाली जमून ओरडणाऱ्या लोकांची धास्ती त्याला इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागली नसणार. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेचा पुरावा म्हणून बघितला तर हा चित्रपट अस्सल आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

डेटनची असहिष्णुता वेगळी होती, आणि मला ती जास्त बोचते. तिथे कुणी दगड घेऊन उभं नव्हतं. टेनेसीच्या प्रतिनिधिगृहाने बटलर कायदा ७१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला होता, शांतपणे, नियमानुसार. शिवाय चित्रपट एका गोष्टीकडे वळूनही बघत नाही. त्या 'सिव्हिक बायॉलॉजी'त मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वरचं स्थान दिलं होतं. 'निकृष्ट' घराण्यांची वाढ रोखायला हवी, असंही त्यात होतं. म्हणजे विज्ञानाच्या बाजूने कोर्टात आलेल्या पुस्तकातही द्वेष होताच. दुर्बळांना चिरडणाऱ्या असल्या विचाराची ब्रायनना खरोखर चीड होती. मार्चच्या ब्रॅडीत याचा मागमूस नाही, आणि तिथे चित्रपटाने ब्रायनवर अन्याय केला आहे.

१९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कोप्सचा दंड रद्द केला, तोही तांत्रिक कारणावर: पन्नास डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला. कायदा जागच्या जागी राहिला. जुलै १९६० मध्ये हा चित्रपट खुद्द डेटनमध्ये दाखवला गेला. स्कोप्स पाहुणा म्हणून आला होता, गावाने त्याचा सत्कार केला. पडद्यावर ट्रेसी विचारस्वातंत्र्यासाठी भांडत होता तेव्हाही टेनेसीत उत्क्रांती शिकवणं गुन्हाच होता. बटलर कायदा रद्द झाला तो १९६७ मध्ये.