क्लॅरिनेटचं मास्टर्स: कॉलेजचं नाव मोठं म्हणजे झालं का?

"मोठ्या नावाच्या कॉलेजातनं मास्टर्स केलं की ऑर्केस्ट्रात जागा पक्की" हे कित्येक वर्षं फिरतंय, पण तसं नसतं हो. ऑडिशनच्या सुरुवातीच्या फेऱ्या बऱ्याच ठिकाणी पडद्याआड होतात, तिथे डिग्री कुणाला दिसतच नाही, ऐकू येतो तो मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो (एकल वाद्य नि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) नि तुमचा टोन. म्हणून आधी टीचर बघा, ट्रायल लेसन मागून घ्या, आणि दर आठवड्याला स्वतः शिकवणार की असिस्टंट हे सरळ विचारा. जर्मनी-ऑस्ट्रियाचा विचार असेल तर वेगळीच भानगड, तिथल्या ऑर्केस्ट्रांत बहुतेक जर्मन सिस्टिमचाच, म्हणजे कळांची नि बोटांची मांडणी वेगळी असलेला क्लॅरिनेट लागतो. आणि चांगलं म्हणजे महागच हेही खोटं, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं कर्टिस हे संगीताचं कॉलेज १९२८ पासून ट्यूशन फी घेतच नाही, फक्त जागा इतक्या कमी की विचारू नका.