रंगमंच-व्यवस्थापन, खानदेशातील

नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी, प्रयोग चालू असताना आणि पडदा पडल्यावर रंगमंचामागे जी कामे चालतात, त्यांची आखणी व संचालन म्हणजे रंगमंच-व्यवस्थापन. नेपथ्याची उभारणी, प्रकाश, पार्श्वसंगीत, रंगभूषा, कपडेपट व मंचवस्तू ही त्याची अंगे होत. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक संस्थांत प्रत्येक अंगावर बहुधा वेगळा माणूस असतो. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, मात्र एकच माणूस दोन-तीन अंगे सांभाळताना आढळतो.

उगम : १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’त सूत्रधार पदे म्हणत कथानक पुढे नेई आणि पात्रांची ये-जा त्या पदांवर होई. यावरून आजच्या व्यवस्थापकाचे मूळ सूत्रधारात शोधले जाते. हे मत आकर्षक असले तरी पूर्णपणे पटणारे नाही. सूत्रधार प्रेक्षकांसमोर असे, तर व्यवस्थापकाचे सारे काम विंगेत चालते. शिवाय १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नंतर सूत्रधार नाटकाच्या आरंभापुरता उरला, मागची कामे मात्र वाढतच गेली. इशाऱ्याबरहुकूम, म्हणजे क्यूवर चालणारी आजची पद्धत वास्तवदर्शी नेपथ्य व विजेचा प्रकाश यांच्यासोबत, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या प्रयोगाच्या आगेमागे रुजू लागली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खानदेशापुरता हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १८६० च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा लोहमार्ग झाला आणि फिरत्या मंडळ्यांना पडदे-पेट्यांसह येणे सोपे झाले. स्थानिक सुतार व रंगारी नेपथ्याचे काम या मंडळ्यांकडून शिकले असावेत, असे एक मत आहे. दुसरे मत त्याचे श्रेय जत्रांतून फिरणाऱ्या तमाशाच्या फडांना देते. दोन्ही प्रभाव नाकारता येत नाहीत. तथापि झटपट सुटे होणारे, टेम्पोत मावणारे आणि गावच्या चौकातही उभे राहणारे नेपथ्य ही इथल्या कामाची खूण फडांकडेच अधिक बोट दाखवते.

नेपथ्य : दौऱ्याचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातील भिंतीचा सुटा सपाट भाग, ३ बाय १ इंच लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून करतात. ४ बाय ८ फुटी चौकटीवर ६ मिमी प्लाय लावला, तर नुसत्या प्लायचेच वजन सुमारे १० किलो भरते. चार माणसांच्या चमूला अशा पंधरा फ्लॅटांची चढ-उतार रोज जमत नाही. कापडाला प्रत्येक बाजूच्या मध्यावर आधी खिळे मारावेत, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्याव्यात आणि कोपरे शेवटी बसवावेत. कापड सुरुवातीलाच तंग ताणू नये. वर सरस-खडूचा हात दिला की ते वाळताना आकसते, चौकट पिळते आणि शेजारच्या फ्लॅटशी सांधा जुळत नाही. सांध्यांना बिजागऱ्या लावून त्यांची पिन काढून घेतात व तिच्या जागी वाकवलेली जाड तार घालतात. सेट काढताना हातोडा लागत नाही.

जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या उघड्या मंचावर मुख्य शत्रू वारा. ताशी ३६ किमी वाऱ्यात ४ बाय १० फुटी फ्लॅटवर ढोबळमानाने २५ किलोभाराचा रेटा येतो. ब्रेसच्या, म्हणजे फ्लॅटला मागून दिलेल्या तिरक्या टेकूच्या, पायावर एखादी वीट ठेवून भागत नाही. वाळूची पोती ठेवून वरचे टोक मागच्या खांबाला सुतळीने नव्हे, दोरीने बांधावे.

वीज : १००० वॅटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणून १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच चालतात. असे बारा दिवे म्हणजे ५२ अँपिअर. ते तीन फेजांवर चार-चार वाटले तर प्रत्येक फेजवर सुमारे १७ अँपिअर येतात. तालुक्याच्या सभागृहांत व शाळांच्या पटांगणात खरा धोका सैल न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजांच्या सामायिक परतीच्या तारेच्या ढिल्या जोडणीचा, असतो. तो सुटला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज एकदम चढते. आधी दिवे उडतात, पाठोपाठ ॲम्प्लिफायर जळतो. यासाठी दिवे जोडण्याआधी न्यूट्रलचा स्क्रू आवळून तिन्ही फेज मल्टिमीटरने तपासतात. ध्वनीचे सामान डिमरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, फेजवर घेत नाहीत, कारण स्पीकरमधून घरघर येते. ‘पार’ प्रकारच्या एलईडी दिव्यांमुळे भार खूप उतरला असला तरी ही तपासणी टाळता येत नाही.

प्रत व क्यू : व्यवस्थापकाच्या प्रतीत एका पानावर संहिता असते आणि समोरचे पान क्यूसाठी कोरे ठेवतात. नोंदी पेन्सिलीने करतात. क्यूंना १०, २०, ३० असे क्रमांक दिले की तालमीत वाढलेला क्यू मध्ये बसवता येतो. ‘तयार’ हा पूर्वइशारा अर्धे पान आधी द्यायचा. प्रत्यक्ष इशारा वाक्यापेक्षा कृतीवर, उदा. नटाने पेला खाली ठेवण्यावर, बांधलेला बरा. वाक्य विसरले जाते किंवा बदलते, आणि मग प्रकाशवाला ताटकळतो. मंचवस्तूंच्या टेबलावर खाकी कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून तिचे नाव लिहितात. दुसरी घंटा होताना जी चौकट रिकामी दिसेल ती वस्तू हरवलेली असते. काळोखात हलवायच्या सामानाच्या जागा रेडियम टेपने खुणावतात.

उन्हाळा : मार्च ते मे या काळात पारा ४० अंशांपुढे जातो. घामाने दाढी-मिशांचा गोंद सुटतो आणि रंगाचे ओघळ येतात. तेलकट रंगाचा थर पातळ ठेवून पावडर दाबून बसवणे आणि मध्यंतरात फक्त टिपून घेणे हा उपाय होय. पुसले तर थरच निघतो.

व्यवसाय : उत्पन्न ‘नाइट’वर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर, अवलंबून असते आणि केवळ नाटकावर वर्ष निघत नाही. राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धा व कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा हा हंगामाचा एक भाग. राज्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके असल्याने नाव होण्याची ती पहिली जागा ठरते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) जत्रांच्या सुपाऱ्या चालतात. फडाचा जनरेटर, राहुट्या व मंच सांभाळणाऱ्यास तेव्हा काम मिळते. उरलेले महिने लग्नाचे मंडप, शाळांची स्नेहसंमेलने आणि सभा यांवर जातात. विजेचे काम येणाऱ्याला मागणी सर्वाधिक असते, निव्वळ मंचवस्तू सांभाळणाऱ्याला सर्वांत कमी. नवख्याने तरीही सुरुवात मंचवस्तूंपासूनच करावी, कारण त्यात संपूर्ण संहिता हाताखालून जाते. एक-दोन नाटकांनंतर प्रत, मग डिमर हा क्रम योग्य. प्रत्येक प्रयोगाचा सेटचा आराखडा, दिव्यांची यादी व मोजमापांसह छायाचित्रे जपून ठेवावीत. बाहेरच्या संस्थेकडे काम मागताना प्रमाणपत्राइतकाच त्यांचा उपयोग होतो. मोबदला, प्रवास व जेवण यांचे ठरलेले सुरुवातीलाच लिहून घेण्याची प्रथा अजून कमी आहे आणि बहुतेक वाद तिथेच उद्भवतात.

प्रशिक्षण : दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (स्थापना १९५९) आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७) येथे रंगमंचतंत्राचे पद्धतशीर शिक्षण मिळते. खानदेशात ते अजूनही मुख्यतः तालमीतूनच होते.

नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यातील सोंगाड्या पार्टी या आदिवासी लोकनाट्यात सोंगे व साहित्य खेळणारेच सांभाळतात. तेथे स्वतंत्र व्यवस्थापक नसतो.